बांद्याहून आरोंद्याला, तंबूसकट

आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा तंबूत झोपवलं तेव्हा आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मालवणात आम्हांला राहायला दोन खोल्यांचं, कौलारू, न गळणारं घर होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या प्रवासात वाटेतल्या माणसांनी मला अगदी कळवळून विचारलं होतं की तुमच्या घराचं काय झालं.

हे हायस्कुलात भूगोल शिकवत. नद्या, खाड्या, वारे, भरती-ओहोटी यांवर तासन्तास बोलत, आणि बोलत छान. घरात मात्र कंदिलाची काच पुसायला घेतली की ती फुटलीच म्हणून समजा. गोवा मोकळा होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. तेरेखोलची खाडी म्हणजे आमच्या मुलखाची आणि गोव्याची हद्द. फिरंग्यांचा पहारा होता तोवर तिच्यात मजेखातर होडी घालायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. आता ती खुली झाली होती. त्यातच ह्यांच्या हाती कुठूनसं एक इंग्रजी मासिक आलं. त्यात एका तळ्याकाठी तंबू, तंबूपुढे शेकोटी आणि शेकोटीपुढे हाफपँट घातलेला एक लालबुंद साहेब हसत बसलेला. त्याच्या मागे, जरा अंधुक, एक बाई भांडी घासत होती. ह्यांनी मला तो फोटो दहा वेळा तरी दाखवला असेल. ती बाई त्यांना एकदाही दिसली नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे आत्याबाई, ह्यांच्या वडिलांची बहीण. लहान वयात विधवा होऊन त्या भावाकडे आल्या; ह्यांना त्यांनीच वाढवलं आणि मला त्या सासूच्या जागी मिळाल्या. दर वर्षी जत्रेला त्यांना मूळ गावी, आरोंद्याला, जायचं असे. तिथलं घर ह्यांच्या चुलतभावाकडे होतं. अडचण एकच, आत्याबाईंना गाडी लागायची. मालवणचा शेवटचा माड मागे पडला की त्यांचं डोकं खिडकीबाहेर.

ह्यांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली.

"आत्याला गाडीचा त्रास होतो," ते म्हणाले. "तिला आपण जलमार्गाने नेऊ. बांद्यापासून आरोंद्यापर्यंत, वाटेत तीन मुक्काम. नाताळची सुट्टी आहेच."

"आणि बांद्यापर्यंत कशानं जायचं?" मी विचारलं.

"गाडीनं," ते म्हणाले.

तर आत्याबाईंना गाडीचा त्रास होऊ नये म्हणून आम्ही त्यांना पाच तास गाडीत कोंबून बांद्याला नेलं. वाटेत त्यांना तीनदा उलटी झाली. सावंतवाडीला गाडी बदलताना शेजारीच आरोंद्याची गाडी उभी होती, दोन तासांत पोचवणारी. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि बांद्याच्या गाडीत चढल्या.

बांद्याला ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी होडी दिली. आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेली, तीन माणसं आणि सामान कसंबसं मावेल एवढी. तंबू शाळेचा होता. तो सबंध पावसाळा घडी घालून ठेवलेला, त्यामुळे त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास येत होता, आणि त्याला खांब दोनांऐवजी एकच होता. माझ्या सामानात उकडा तांदूळ, कुळथाचं पीठ, सुके बांगडे, पोहे, दोन टोप, एक तवा, एक कळशी. ह्यांच्या सामानात नकाशा, होकायंत्र आणि शिबिराची जागा कशी निवडावी याची माहिती असलेलं एक पुस्तक.

मागे वल्हं घेऊन हे, पुढे वल्हं घेऊन मी, आणि मधे तंबूच्या गुंडाळीवर आत्याबाई. मी कसालची, खाडीपासून लांबच्या गावातली; पाण्याशी माझा संबंध कपडे धुण्यापुरता. आत्याबाई मात्र लग्न होईपर्यंत याच खाडीच्या काठावर वाढल्या होत्या. त्यांचे वडील होडीतून नारळ बांद्याच्या बाजाराला नेत आणि ही मुलगी बरोबर असे. होडीतलं सर्वांत जाणतं माणूस असं सामानावर सामान होऊन बसलं होतं.

"भीती नाही ना वाटत, आत्याबाई?" मी हळूच विचारलं.

"भियाचा काय? ह्या पाणी माका वळाखता," त्या म्हणाल्या.

"मग ह्यांना सांगा ना चार गोष्टी."

"तो मास्तर. तेका शिकवची सवय आसा, शिकाची नाय."

आम्ही अकराच्या सुमाराला निघालो. पाणी समुद्राकडे ओसरत होतं, त्यामुळे होडी आपोआप पळत होती. दोन्ही काठांचे माड भराभरा मागे जात होते आणि हे मागून मला सांगत होते, "बघ, तंत्र साधलं की ताकद लागत नाही." अडीच वाजेपर्यंत त्यांचं तंत्र उत्तम साधलं. मग पाणी थबकलं, आणि थोड्या वेळानं उलटं, आमच्या तोंडावर यायला लागलं. भरती लागली होती. काठावर एक म्हैस चरत होती. खूप वेळ वल्हवून मी मान वर केली तर म्हैस तिथंच.

"ही मघाचीच म्हैस ना?" मी विचारलं.

"म्हशी सगळ्या सारख्याच दिसतात."

आणखी थोड्या वेळानं म्हैस चरत चरत आमच्या पुढे निघून गेली. तेव्हा ह्यांनी आज इथेच थांबायचं असं जाहीर केलं.

ती जागा दिसायला सुरेख होती. वळणावर पांढऱ्या वाळूची सपाट पट्टी, पाण्याला लागून. पुस्तकात अगदी अशीच सांगितली आहे, हे म्हणाले: सपाट, मोकळी, पाण्याजवळ. मोकळी तर ती इतकी होती की मैलभरात बाईमाणसाला आडोसा म्हणून एक झुडूप नव्हतं, आणि समोरच्या काठावर सहा-सात गडी होडीत वाळू भरत आमच्याकडे टक लावून बघत होते. मी सकाळपासून घोटभरही पाणी प्याले नव्हते, तेच शहाणपण ठरलं.

आत्याबाई होडीतून उतरल्या. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं वाळू जराशी उकरली, आपलं गाठोडं काखेत मारलं आणि वीसेक पावलं वर चढून दरडीच्या माथ्यावर एका फातरावर, म्हणजे दगडावर, जाऊन बसल्या.

"आत्या, खाली ये! इथे छान आहे!" ह्यांनी हाक मारली.

"हंयच बरा आसा माका."

"वाळू ओली लागतेय," मी म्हटलं.

"खाडीकाठची वाळू कोरडी कशी असेल?" ह्यांनी मला प्रेमानं समजावलं. नसलेल्या खांबाच्या जागी वल्हं उभं करून त्यांनी तंबू ठोकला. एका अंगाला कललेला, पण उभा राहिला. मी तीन दगड मांडून चूल पेटवली. भात झाला, तो तंबूत नेऊन ठेवला. कुळथाच्या पिठीला आधण येईपर्यंत सूर्य टेकला होता.

पाणी कसं आलं ते मला कळलंच नाही. लाट नाही, आवाज नाही. चुलीचा डावा दगड एकदम चुरचुरला, मग विस्तवातून वाफ आली, आणि बघते तर माझ्या पायाखाली पाणी.

"ही तात्पुरती वाढ आहे," हे म्हणाले. "आज तिथी बघता भरती फार येणार नाही."

एवढ्यात तंबूतून भाताचा टोप तरंगत बाहेर आला. त्याच्या मागून ह्यांची एक चप्पल. आणि मग, वर्गात कधी प्रमाणभाषा न सोडणारे आमचे हे, बोंब मारून ओरडले, "अगो, तंबू धर गो! होडी खंय गेली? होडी!"

होडी तरंगून निघाली होती. हे छातीभर पाण्यात शिरून तिला धरून घेऊन आले. मी तंबू, अंथरुणं, पीठ, जे हाती लागेल ते ओढत दरडीवर नेत होते. आत्याबाई वरून एकेक वस्तू हातात घेऊन नीट मांडून ठेवत होत्या.

"आठ वाजापर्यंत चडताला," त्या म्हणाल्या. "मगे सुकती लागात."

"तुला माहीत होतं?" हे थरथरत म्हणाले.

"माका कोणी इचारल्यान?"

त्या रात्री आम्ही ओले पोहे खाल्ले आणि दरडीवर बसूनच डोळे मिटले. सकाळी सगळी अंथरुणं दगडांवर वाळत घातलेली बघून काठावरून जाणारा एक म्हातारा थांबला. "घर जळला काय गे बाय?" त्यानं मला विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्याची खात्री पटली नाही. जाताना तो दोन शहाळी ठेवून गेला.

अंथरुणं वाळवून निघायला आम्हांला दुपार झाली, म्हणजे ओहोटीचा चांगला भाग वाया गेला. उरलेल्या वेळात हे जिवाच्या आकांतानं वल्हवत होते. त्यांच्या तळहातांना फोड आले, ते फुटले. ते काही बोलले नाहीत, हे मला आवडलं. पण रात्रीच्या अनुभवातून त्यांनी जो धडा घेतला तो असा की पाण्याजवळ राहूच नये. तिसऱ्या प्रहरी त्यांनी एका उंच सड्याकडे बोट केलं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. काठापासून वर चढायला शंभर-सव्वाशे पावलं, तीही घसरती.

हे वर जाऊन आले. "अप्रतिम! सबंध खाडी दिसते!"

"पाणी कुठे आहे?" मी विचारलं.

"तेच तर म्हणतोय, सगळं पाणी दिसतं."

प्यायचं पाणी दिसत नव्हतं. ते सड्याच्या पायथ्याशी एका घराच्या विहिरीत होतं. मी कळशी घेऊन गेले. त्या घरातल्या बाईनं पाणी काढून दिलं आणि विचारलं की कुठे उतरलात. मी वर बोट दाखवलं.

"सड्यार? थंय तर गुरां सुद्धा ऱ्हवनत नाय!"

वर ह्यांची तंबूशी झटापट चालली होती. जांभ्यात खुंट्या शिरेनात. ठोकल्या की वाकत. म्हणून त्यांनी दोऱ्या एका काजूच्या झाडाला बांधल्या. त्या झाडावर हुमल्यांचं, म्हणजे तांबड्या चावऱ्या मुंग्यांचं, घरटं होतं. दोरी ताणल्यावर ते हललं आणि सगळे हुमले दोरीवरून शिस्तीत तंबूत उतरले. हे आत अंथरूण घालत होते. ते ज्या वेगानं आणि ज्या अवस्थेत बाहेर आले ते लिहिण्यासारखं नाही. धोतराच्या निऱ्यांतून, बगलेतून, कानामागून मी मुंग्या काढत होते आणि ते दात-ओठ खात सांगत होते की उंचीचा निर्णय तत्त्वतः बरोबरच होता.

वारा एवढा की चूल लागेना. लागली तर जाळ आडवा जाऊन टोपाऐवजी माझ्या लुगड्याकडे यायचा. आणि तेवढ्यात ह्यांनी हाक मारली, "अगं ये, सूर्यास्त बघ!" सूर्यास्त सुंदर असणार. फुंकून फुंकून माझ्या डोळ्यांना इतकं पाणी आलं होतं की मला दोन दिसले.

पीठ कालवायला घेतलं तर पाणी संपलेलं. तिसऱ्यांदा खाली जाऊन भरलेली कळशी घेऊन वर येताना मी अर्ध्या वाटेत बसले आणि रडले. दमले म्हणून नव्हे. मला राग आला होता. घरात चूल होती, पाणी होतं, दार होतं. इथे तेच सगळं काम, फक्त चूल नाही, पाणी नाही आणि दार नाही, आणि याला हे सुट्टी म्हणत होते.

आत्याबाई हळूहळू वरून उतरत माझ्यापाशी आल्या. त्यांनी कळशी माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली आणि शेजारी टेकल्या. समजूत वगैरे घातली नाही.

डोळे पुसून मी विचारलं, "आत्याबाई, उद्या कुठे थांबावं?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "इतको येळ लागलो गो तुका इचारूक?"

मग मात्र त्या बोलल्या. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की लगेच होडी सोडायची, अंथरुणं कशीही असोत. दोन मोठी वळणं गेली की उजव्या हाताला जुनी तर लागेल, पूर्वी माणसं पलीकडे उतरवायची जागा. "थंय पायाखाली फातर लागता, चिखल नाय. वर उंडलीचा झाड, सावळी बरी. गोड्या पाण्याची बाव धा पावलार. आणि पाठसून करवंदीची झाळ." त्या जरा थांबल्या. "बायलमाणसाक काय व्हया ता सगळा आसा."

दोन दिवस हे पुस्तकात जे शोधत होते ते आत्याबाईंनी कळशीशेजारी बसून मला सांगून टाकलं.

सकाळी ह्यांचे दोन्ही तळहात सुजले होते. मी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या. वल्हं धरणं शक्यच नव्हतं. तेव्हा हे पुढे बसले, मांडीवर नकाशा घेऊन, आणि मी मागे गेले. आत्याबाईंनी मधे बसताना तोंड माझ्याकडे केलं. ह्यांची पाठ आमच्याकडे. त्यांना काही दिसत नव्हतं. आत्याबाई मांडीवर ठेवलेलं बोट डावी-उजवीकडे हलवायच्या, मी होडी तिकडे वळवायची. सुरुवातीला मी होडी दोनदा काठाला घातली.

"पाण्याक मारू नको गो," त्या पुटपुटल्या. "तेका मागे सरकय. हळू."

एकदा का हाताला ते लागलं, मग लागलं. खांदे दुखत होते, पण होडी माझं ऐकत होती. घरात माझं ऐकणारं तोवर कुणी नव्हतं, म्हणून असेल, मला त्याचा फार आनंद झाला. दुसरं वळण गेलं, उजवीकडे उंडलीचं मोठं झाड दिसलं, आत्याबाईंचं बोट हललं आणि मी होडी काठाला वळवली.

"का वळवलीस?" ह्यांनी विचारलं.

मी वल्हं आत घेतलं. त्यांनी झाडाकडे पाहिलं, दगडी उताराकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "इथेच थांबावं असं माझ्याही मनात होतं."

मी आणि आत्याबाई एकमेकींकडे बघायचं टाळत उतरलो.

त्या जागेवर सगळं होतं. होडी बांधायला जुना खुंटा होता. विहिरीचं पाणी गोड आणि ऊनऊन. करवंदीच्या जाळीमागे जाऊन मी तीन दिवसांनी मनसोक्त अंघोळ केली. वाळलेल्या झावळ्यांची पिढं, म्हणजे जाड देठं, पडलेली होती, त्यामुळे चूल एका फुंकरीत पेटली. तंबू उभारू नका, असं मी ह्यांना म्हटलं; झाडाखाली झोपू. पण मग तंबू आणलाच कशाला, असं ते म्हणाले, आणि बांधलेल्या हातांनी त्यांनी तो एकट्यांनी उभा केला.

तंबू बघूनच शेजारच्या घरातली बाई आली. नवरा मासेमारीला, ती मासे विकणारी, चाळिशीची असेल. परडीभर तिसरे, म्हणजे खाडीतले शिंपले, घेऊन आली होती. माझ्या टोपात ओतले.

"रस्त्याच्या कामार इलास?" तिनं विचारलं.

"नाही, सहज आलोय," हे म्हणाले.

"सहज?" ती तंबूकडे बघत राहिली. "घर नाय तुमका?"

"घर आहे. मालवणात. पण माणसानं अधूनमधून घर सोडून असं निसर्गात राहावं. शरीराला कष्ट, मनाला विश्रांती."

तिनं थोडा विचार केला. चुलीपुढे उकिडवी बसून तिसरे फोडणाऱ्या माझ्याकडे पाहिलं, मग उंडलीला टेकून बसलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं.

"कष्ट कोणाक आणि इश्रांती कोणाक, ता वाटून घेतलास मां?"

आत्याबाईंना ठसका लागला. ह्यांनी पुस्तक उघडलं. ती बाई तिथेच बसली, मला नारळ खवून दिला आणि जाताना सांगून गेली की सकाळी लागलं तर ताक घेऊन जा. तिच्या आवाजात दया होती. आपल्यापेक्षा बऱ्या घरच्या बाईची आपल्याला दया यावी याचं तिला थोडं सुखही झालं असावं. मी असते तर मला झालं असतं.

तिसऱ्यांचं सुकं आणि भात आम्ही तिघांनी इतका खाल्ला की नंतर कुणाला उठवेना. तंबूत हे एकटेच झोपले. आम्ही दोघी झाडाखाली, आणि मला झोपेत कूस बदलल्याचंही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत आरोंदा आलं. धक्क्यावर ह्यांचा चुलतभाऊ उभा होता. हे आधी उतरले, आणि नकाशा उंच धरून म्हणाले, "जलमार्गानं आलो!"

भाऊजींनी होडीकडे निरखून पाहिलं. "कोणाची ही?"

"बांद्याची. ओळखीच्यांची."

"मगे परत कोण न्हेतलो?"

ह्यांनी नकाशा खाली घेतला. होडीच्या मालकानं आठ दिवसांत होडी परत हवी म्हणून बजावलं होतं, आणि ह्यांनी "अर्थातच" म्हटलं होतं, एवढं मला आठवत होतं. मला वाटलं होतं त्यांनी काही योजना केली असेल. त्यांना बहुधा वाटलं होतं की आरोंद्याला पोचणं हाच कार्यक्रमाचा शेवट. जत्रेच्या दोन दिवसांत त्यांनी गावातल्या चार-पाच तरुणांना विचारून पाहिलं. सगळे हसले. भाऊजींना शेतीची कामं होती. ह्यांना पाण्यात भिजल्यामुळे सर्दी-खोकला झाला होता आणि सुट्टीही संपत आली होती.

शेवटी भाऊजींची बायको, माझ्या जाऊबाईच, म्हणाल्या, "आमी दोघी न्हेतो. काय गो?" त्यांचं माहेर सातार्ड्याचं, खाडीकाठचं; होडी त्यांना नवी नव्हती.

"दोघी बायका?" ह्यांनी नाक पुसत विचारलं.

जाऊबाईंनी माझा हात धरून तळवा उलटा करून त्यांना दाखवला. त्याला आता घट्टे पडायला लागले होते. "येताना कोण वल्हयत इलो?"

आत्याबाई देवघरात होत्या. त्या मोठ्यानं काही तरी म्हणत होत्या, जप असावा. हे एवढंच म्हणाले की तंबू नेणार असाल तर जपून वापरा. आम्ही तो ह्यांच्याबरोबर गाडीतून मालवणला पाठवला.

पौर्णिमा जवळ आली होती, म्हणून भरती पहाटेनंतर लागत होती आणि जोराची होती. उजाडता उजाडता आम्ही निघालो. पाणीच आम्हांला बांद्याकडे ढकलत होतं. जाऊबाई मागे, मी पुढे. वाटेत फार बोललो नाही. त्यांना घरी कधी गप्प बसायला मिळत नसे, असं त्या नंतर म्हणाल्या.

अर्ध्या वाटेवर आम्ही थांबलो. थांबायचं कारण नव्हतं. भरती अजून दोन तास होती आणि सरळ गेलो असतो तर दुपारी बांद्यात पोचलो असतो. जागाही अगदी भिकार होती: काठाला गुडघाभर चिखल, सावलीला करंजाचं एक खुरटं झाड, गोडं पाणी नाही, आडोसाही नाही. पण जाऊबाई म्हणाल्या, "वायच टेकूया," आणि मी वल्हं आत घेतलं. जत्रेतलं खाजं पदराला बांधून आणलं होतं, ते आम्ही पाय चिखलात सोडून बसून खाल्लं. चूल मांडली नाही. कुणाला काही वाढायचं नव्हतं. मग त्या आडव्या झाल्या, मी आडवी झाले. तोंडावर पदर घेऊन त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून दिवसाची निजलेली मी आजच." मी हो म्हणेपर्यंत त्या घोरायला लागल्या होत्या.

आम्ही उठलो तेव्हा पाणी उलटं फिरलं होतं आणि होडी चिखलात रुतली होती. मास्तरांना हसणाऱ्या दोघी आता कमरेपर्यंत चिखलात उभ्या राहून होडी ढकलत होत्या, एकमेकींना दोष देत, आणि मधेच हसू येऊन जोर जात होता. उरलेली वाट सगळी ओहोटीविरुद्ध वल्हवली. बांद्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. होडीच्या मालकानं आमच्या चिखलाच्या लुगड्यांकडे पाहिलं आणि घाबरून विचारलं, "मास्तर खंय? बरे आसत मां?"

ते बरे होते. मालवणला लेख लिहीत होते. तो शाळेच्या वार्षिकात छापून आला. भरती-ओहोटीचं गणित, शिबिराची जागा निवडण्याची तत्त्वं, उंडलीच्या झाडाखालचा आदर्श मुक्काम, सगळं त्यात होतं, आणि भाषा खरोखर चांगली होती. आत्याबाईंना वाचता येत नसे, म्हणून मी त्यांना तो वाचून दाखवला.

"माझा नाव आसा?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुझा?"

"'सोबत कुटुंबीय होते' असं आहे."

त्या तांदूळ निवडत होत्या. दोन खडे बाजूला काढून म्हणाल्या, "आमी बुडलेलो आसतो तर पेपरात नावां इली आसती."

पुढच्या नाताळाआधी हे पुन्हा नकाशा पसरून बसले. या वेळी कर्लीची खाडी होती. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि अगदी मनापासून विचारलं, "पहिला मुक्काम कुठे करावा, तुला काय वाटतं?" मी आत्याबाईंशी बोलून जागा सांगितली. ती का योग्य नाही यावर ते अर्धा तास बोलले, आणि दुसरीच जागा ठरली. तिथे आम्हांला डासांनी फोडून काढलं.